गळाची निवड
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्षीच्या संमेलनात आम्ही दोन शब्द बोलावेत अशी संघाच्या चालकांनी आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. शिक्षण, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, लग्नकार्यातील अवाजवी खर्च या विषयांवर या व्यासपीठावरून अधिकारी वक्ते दरवर्षी बोलत आले आहेत. आम्ही मात्र समजून-उमजून एक लहानसा विषय निवडला आहे. गोड्या पाण्यात आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात गरवण्यासाठी, म्हणजे गळाने मासे धरण्यासाठी, साहित्य कसे निवडावे, हा तो विषय होय. कोळ्यांच्या सभेत गळाची गोष्ट सांगणे म्हणजे काशीकराला गंगेची वाट दाखविण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आजची परिस्थिती पाहता ही वाट पुन्हा एकदा दाखविण्याची वेळ आली आहे, असे आमचे नम्र मत आहे.

परिस्थिती अशी आहे. आपल्या घरांतून आज प्रत्येक जण होडीवर जात नाही. आठवड्याचे सहा दिवस उरणच्या बंदरात, थळच्या खत कारखान्यात किंवा पनवेल-मुंबईच्या कचेऱ्यांत काम करणारा आपला तरुण रविवारी मात्र रेवस, आक्षी, रेवदंडा, कोर्लई, राजपुरी येथे हातात काठी घेऊन उभा असतो. रक्तातील ओढ अशी सहजासहजी सुटत नाही, आणि ती सुटू नये हेच बरे. पण आजोबांचे डोळे ज्या गोष्टी पाहत, त्या या तरुणाला कोणी दाखविलेल्या नसतात. तो थेट दुकानात जातो आणि काचेच्या कपाटात जे अधिक चकाकते ते घेऊन येतो. हजारो रुपये खर्चून आणलेली ती काठी आपल्या खाडीच्या कामाची नसते, दोरी कालवांच्या धारेवर तुटते, रीळ दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत गंजते. मग रिकाम्या हाताने घरी येऊन तो म्हणतो, की आता पाण्यात मासे राहिले नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा व्यवहार आहे. मासे कमी झाले आहेत हे दुर्दैवाने खरे आहे. पण रिकाम्या हाताचे तेच एक कारण नव्हे.

दुकानदार निवडीचा जो क्रम सांगतो तो काठी, रीळ, दोरी आणि शेवटी गळ असा असतो. आपल्या वाडवडिलांचा क्रम याच्या नेमका उलट होता. प्रथम पाणी पाहावे, मग त्या पाण्यातला मासा ओळखावा, माशाच्या तोंडावरून गळ ठरवावा, गळावरून दोरी ठरवावी आणि सरतेशेवटी काठी व रीळ यांचा विचार करावा. आमच्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकीचे सारे त्याचे विवरण समजावे.

हा विचार केवळ आपल्या कोळीवाड्यांपुरता आहे असेही नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचा चारा, गळ, दोरी व काठी यांची त्यात चर्चा आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यापूर्वी १८७३ साली मद्रास इलाख्यातील एक इंग्रज अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर मंगळूरहून एक पुस्तक प्रसिद्ध केले. राजा असो वा साहेब, दोघांनाही माशाच्या सवयी आणि त्याचे खाणे यांना मोठे स्थान द्यावे लागले. ज्याला मासा कळत नाही त्याला साहित्य कळत नाही, हे तत्त्व इतके जुने आहे.

प्रथम पाण्याविषयी. रायगडचा किनारा म्हणजे एकच पाणी नव्हे. अंबेची धरमतर खाडी, कुंडलिकेची रेवदंडा खाडी, मुरूडजवळची राजपुरी खाडी आणि दक्षिणेस सावित्रीची बाणकोट खाडी, या प्रत्येकीचा गाळ, ओढ आणि खारेपणा वेगळा. नागाव, काशीद, दिवेआगर येथे वाळूचे किनारे, तर कोर्लई, हरिहरेश्वर येथे काळा कातळ. आपले किनाऱ्यालगतचे पाणी बहुतेक काळ गढूळ असते, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परदेशी पुस्तकांतून व चित्रफितींतून ज्या बारीक, अदृश्य दोऱ्या आणि नाजूक बनावट आमिषे यांची स्तुती असते, ती नितळ पाण्यासाठी असते. आपल्या पाण्यात मासा वासाने आणि हालचालीने आमिष शोधतो. म्हणून येथे ताजी कोळंबी, जिवंत करंदी किंवा बोयीचा तुकडा हा उंची बनावट माशापेक्षा पुष्कळदा सरस ठरतो.

पाण्याची वेळ ओळखणे हेही साहित्यनिवडीचेच अंग आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे येथे बसलेल्या लहान मुलासही ठाऊक असावे. पण पाऊणकीचा पाढा भरतीची वेळ सांगतो, हे आता किती जणांच्या ध्यानात आहे? तिथीला पाऊणने गुणावे आणि जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती समजावी. चतुर्थीस चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीस आठ पाऊणे सहा, म्हणून सहा वाजता. पौर्णिमेस सव्वा अकरा. जागेप्रमाणे यात थोडा फरक पडतो. पण भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, हा निसर्गाचा हिशेब त्या पाढ्यात जवळजवळ बसला आहे. उधाणाच्या ओढीत खाडीत १०० ते १५० ग्रॅम शिसे लावूनही दोरी तळाला ठरत नाही. तेथेच भांगेच्या पाण्यात ३० ते ६० ग्रॅम पुरते. म्हणजे शिसे विकत घेताना आधी पंचांग उघडावे, हे वडिलांचे सांगणे हास्यास्पद नव्हते.

आता गळ. गळाच्या क्रमांकाने नवशिक्याचा हमखास घोटाळा होतो. साध्या क्रमांकांत आकडा जितका मोठा तितका गळ लहान. १२ चा गळ बारीक, ६ चा त्याहून मोठा, १ चा आणखी मोठा. तेथून पुढे आकड्यापुढे शून्य लागते आणि क्रम उलटतो. १/० पेक्षा २/० मोठा आणि ५/० त्याहून मोठा. आपल्या पाण्यापुरते सांगावयाचे तर बोयीचे तोंड लहान व मऊ, तिला कणकेच्या गोळीसह ८ ते १२ चा गळ. वाळूतल्या मुडदुशीला ६ ते ८ चा, आमिष कोळंबीचा लहान तुकडा किंवा समुद्री किडा. शिंगाळ्याला १/० ते २/०. कातळाच्या कपारीतील तांबोशी व हेकरू यांना ३/० च्या आसपास, आणि त्याची तार जाड हवी. कारण हे मासे आमिष घेताच कपारीत शिरतात आणि पातळ गळ सरळ करतात. जिताड्याला जिवंत कोळंबी किंवा लहान बोय लावून ३/० ते ५/०. तळ्यातल्या लहान माशांना १० ते १२, रोहूला ४ ते ८ आणि मरळीला १/० ते ३/०. हे अर्थातच ठोकताळे आहेत. खरी परीक्षा आपल्या आयाबहिणींना विचारावी. बाजारात बसून ज्यांच्या हातांखालून रोज शेकडो मासे जातात, त्यांच्याइतके माशाचे तोंड दुसऱ्या कोणास माहीत असणार?

गळाच्या धातूविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. कधीही न गंजणारे पोलादी गळ काही जण अभिमानाने वापरतात. ते टिकतात हे खरे. परंतु दोरी तुटून गळ माशाच्या तोंडात राहिला तर तो तेथेही टिकतो. साधा गळ खाऱ्या पाण्यात काही काळाने झिजून गळून पडतो आणि मासा वाचण्याचा संभव राहतो. साधा गळ स्वस्तही असतो. तो प्रत्येक फेरीनंतर पुसून, किंचित तेल लावून ठेवावा आणि नखावर टेकवून धार पाहावी. टोक नखावरून घसरले तर बारीक कानशीने पुन्हा लावावे. बोथट गळ हे रिकाम्या हाताचे पहिले कारण होय. ज्यांना मासा परत सोडावयाचा असेल त्यांनी आत वळलेल्या टोकाचा गोल गळ वापरावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, पोटात जात नाही. मात्र त्याला झटका द्यावयाचा नसतो. दोरी सावकाश ताठ करावी म्हणजे तो आपोआप बसतो.

यानंतर दोरी. आपल्या पूर्वजांच्या दोऱ्या तागाच्या व सुताच्या असत. त्या कुजू नयेत म्हणून ऐनासारख्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवाव्या लागत आणि वारंवार वाळवाव्या लागत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झाले आणि पुढील काही दशकांत जगभरच्या कोळ्यांचे ते कष्ट संपले. ज्याला आपण तंगूस म्हणतो ती एकपदरी नायलॉनची दोरी आजही किनाऱ्यावरच्या कामास सर्वांत उपयुक्त आहे. ०.३० मिलिमीटर जाडीची तंगूस साधारण ५ ते ६ किलो, ०.४० ची ९ ते १० किलो आणि ०.५० ची १३-१४ किलो ताण सोसते. तळ्यावर व वाळूच्या किनाऱ्यावर पहिली, खाडीत दुसरी आणि कातळावर तिसरी, असा साधा हिशेब ठेवला तर फारसे चुकत नाही.

अलीकडे अनेक सूक्ष्म तंतू गुंफून केलेल्या दोऱ्या निघाल्या आहेत. तितक्याच ताकदीला त्या तंगुसापेक्षा पुष्कळ बारीक असतात, दूरवर फेकल्या जातात आणि ताणल्या जात नसल्याने माशाचा किंचित स्पर्शही बोटाला कळतो. पण याच न ताणण्यामुळे अचानक हिसका बसला तर गळ निसटतो, आणि कालवांनी भरलेल्या कातळाला घासताच ती दोरी सुतासारखी कापली जाते. म्हणून ती वापरणाऱ्याने पुढे दोन-तीन हात जाड तंगूस अवश्य जोडावी. जिताड्याच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. तेथे पुढची दोरी ०.७० मिलिमीटरच्या आसपास हवी. सुरमई किंवा वाकटी यांसारख्या दातांच्या माशांना पुढे तारेचा तुकडा लावणे बरे.

दोरी कितीही चांगली असली तरी ती गाठीशी तुटते. साधी एकेरी गाठ दोरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर आणते. म्हणून गळाच्या डोळ्यातून टोक ओवून मुख्य दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, डोळ्याजवळच्या फाशातून टोक परत काढावे, थुंकीने किंवा पाण्याने गाठ ओली करावी आणि मगच सावकाश आवळावी. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने नायलॉन भाजते. गाठीची परीक्षा घरीच करता येते. बादलीत ५ लिटर पाणी घेतले म्हणजे साधारण ५ किलो वजन झाले. गळ बादलीच्या कडीला अडकवून ती दोरीने उचलून पाहावी. बादली राहिली तर मासाही राहील. या परीक्षेला पैसा लागत नाही.

शिशाविषयी थोडक्यात. वाळूवर चपटे किंवा कोनदार शिसे रुतून राहते; खाडीत मधून भोक असलेली गोळी बरी, कारण मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही. कातळात शिसे अडकणार हे गृहीतच धरावे. तेथे मुख्य दोरीपेक्षा बारीक दोरीच्या तुकड्याने शिसे बांधावे, म्हणजे अडकले तर तेवढेच तुटते. गळ व मासा वाचतो. मोटारीचे निकामी स्पार्क प्लग किंवा भोकाचा दगड यांवरही तेथे काम भागते. शिसे दातांनी दाबण्याची सवय मात्र सर्वांनी सोडावी. शिसे विषारी आहे, आणि ही सवय वडिलांकडून आली असली तरी ती उचलण्यासारखी नव्हे.

इतके झाल्यावर काठी. आणि येथे आम्ही प्रथमच सांगतो, की पुष्कळ ठिकाणी काठीची गरजच नसते. होडीतून, धक्क्यावरून किंवा खोल खाडीच्या काठावरून लाकडी चौकटीवर गुंडाळलेली हातदोरी अजूनही अजोड आहे. ती बिघडत नाही आणि माशाचा स्पर्श थेट बोटांत येतो. मोठा मासा धरताना तिने तळहात कापू नये म्हणून बोटांना कापडाची पट्टी किंवा हातमोजा असावा, एवढेच. तळ्याच्या काठी दोन-तीन माणसे उंचीचा चांगला वाळलेला बांबू पुरतो. जेथे दूर फेकावयाचे आहे तेथेच विकतची काठी घ्यावी. खाडीसाठी ७ फुटांच्या आसपास मध्यम ताठरपणाची. वाळूच्या किनाऱ्यावर लाटांच्या पलीकडे फेकण्यासाठी ९ ते १० फुटांची.

काचतंतूची काठी घ्यावी की कार्बनची, हा प्रश्न तरुण मंडळी नेहमी विचारतात. काचतंतूची काठी जड, पण सोशिक. होडीच्या कडेवर आपटली, पोरांनी तुडवली तरी बहुधा टिकते. १९७० च्या दशकापासून बाजारात आलेली कार्बनची काठी हलकी व चपळ, पण खडकाची एक टिचकी लागली तरी पुढे केव्हातरी तेथेच मोडते. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा आभाळ कडाडत असताना अशी काठी उभी धरणे म्हणजे मरणाला आमंत्रण होय. पहिली काठी काचतंतूची असावी आणि हात बसल्यावर वाटल्यास दुसरीचा विचार करावा, असा आमचा सल्ला आहे. काठी विकत घेताना दोरीच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. कापसाचा तंतू अडकला तर कडीला चीर आहे असे समजावे. ती चीर दोरी कापल्यावाचून राहणार नाही.

रीळ एकच घ्यावयाचे असेल तर ३००० ते ४००० या मापाचे, स्थिर फिरकीचे घ्यावे. खाडी, किनारा आणि तळे या तिन्ही ठिकाणी ते चालते. रिळाला किती मणी आहेत याची जाहिरात मोठी असते. त्यापेक्षा दाब, म्हणजे ज्याला मंडळी ड्रॅग म्हणतात तो, धक्का न देता एकसारखा सुटतो का, हे हाताने ओढून पाहावे. हा दाब दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर ठेवावा. ८ किलोच्या दोरीला दोन-अडीच किलो. मासळी तोलण्याच्या ताणकाट्याने हे घरी मोजता येते. ज्याने दाब पूर्ण आवळला त्याने रीळ घेतले काय आणि न घेतले काय, सारखेच. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत शिरते. मग सावलीत वाळवून, दाब सैल करून ठेवावे. जे अवजार आपल्याला घरी उघडता येत नाही आणि ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत, ते कितीही नामांकित असले तरी आपले नव्हे.

गोड्या पाण्याविषयी दोन शब्द. जिल्ह्यातील धरणे व गावतळी यांत रोहू, कटला, मरळ, शिवडा व चिलापी हे मासे आढळतात. जलाशयांतील मासेमारीचे हक्क पुष्कळदा सहकारी संस्थांकडे वा ठेकेदारांकडे असतात, म्हणून प्रथम परवानगी घ्यावी. समुद्रावरून येणाऱ्या आपल्या माणसाचा येथील नेहमीचा दोष म्हणजे सारे साहित्य अवाजवी जाड असणे. रोहूला बारीक गळ, ०.३० ची तंगूस, हलके बूच आणि पिठाची गोळी पुरते. मरळ मात्र गवतात दबा धरून असते. तेथे ज्याचे टोक झाकलेले आहे असा रबरी बेडूक गवतावरून ओढावा आणि दोरी जाड असावी, नाहीतर ती गवतात गुंडाळून घेते. भिरा येथे १९२७ पासून जलविद्युत केंद्र आहे. त्याचे पाणी सुटले म्हणजे खाली कुंडलिकेचे पात्र पाहता पाहता चढते. पात्रातल्या दगडावर बसून गरवणाऱ्याने हे विसरू नये. महाडजवळ सावित्रीच्या पात्रात मगरी आहेत. तेथे पाण्याच्या कडेला बसू नये आणि माशांची आतडी काठावर टाकू नयेत.

बंधुहो, साहित्याच्या यादीत ज्या वस्तू कोणी लिहीत नाही त्या आता सांगतो. कातळावर न घसरणारे जोडे, अंगात तरंगणारे जाकीट, शिट्टी, पक्कड आणि सोबती. कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर ओहोटीत चालत जाता येते, पण भरती मागून येऊन वाट बंद करते. हरिहरेश्वरच्या कातळावर शांत समुद्रातूनही एखादी मोठी लाट अचानक चढते. अशा जागी समुद्राकडे पाठ करून गळाला आमिष लावू नये. आणि पावसाळ्यात त्या जागी जाऊच नये. आपण समुद्राची लेकरे आहोत, म्हणून समुद्र आपल्याला सवलत देतो, असे नाही. शिंगाळ्याच्या पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंचे दोन असे तीन काटे विषारी असतात. पाखटाच्या शेपटीचा काटाही तसाच. मासा पकडीने धरून गळ सोडवावा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या कढत पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

सरतेशेवटी, जे साहित्य मासा धरते त्याचबरोबर जे माशाला सोडते त्याचाही विचार केला पाहिजे. जिताडा आपल्या जिल्ह्याचा मान आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात गावतळ्यांतून तो वाढविण्याची चाल आहे. हा मासा आरंभी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटो काढण्यासाठी आपण जो सर्वांत मोठा जिताडा उचलून धरतो, ती बहुधा शेकडो खाड्यांना पुरेल इतकी अंडी देणारी आई असते. हेकरूचे उलट आहे. तो आधी मादी असतो आणि नंतर नर होतो. अगदी लहान धरू नये आणि अगदी मोठा मारू नये, या जुन्या संयमाला आज शास्त्राचाही आधार आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या समुद्री माशांची किमान मापे ठरवून दिली आहेत. ट्रॉलरच्या बारीक जाळ्यांविरुद्ध आपण सभांतून आवाज उठवितो, ते योग्यच आहे. पण वीतभर हेकरू पिशवीत घालून घरी येणाऱ्याला तो आवाज उठविण्याचा अधिकार किती उरतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा. म्हणून पिशवीत एक मोजपट्टी असावी, आणि तुटलेली तंगूस घरी आणण्यासाठी एक डबाही असावा. ती दोरी वर्षानुवर्षे कुजत नाही. कांदळवनात ती बगळ्यांच्या पायांत अडकते, आणि दिवेआगर, हरिहरेश्वर येथे अंडी घालण्यास येणाऱ्या कासवांच्या गळ्यात पडते.

संघापुढे आमची एकच विनंती आहे. प्रत्येक कोळीवाड्यात अजून चार-दोन वृद्ध असे आहेत, की ज्यांना कोणत्या खडकापाशी कोणत्या तिथीला कोणता मासा लागतो हे तोंडपाठ आहे. त्यांच्याबरोबर ते ज्ञान गेले तर ते कोणत्याही दुकानात मिळणार नाही. संघाने प्रत्येक वाड्यातून दोन शिकलेले तरुण निवडावेत. त्यांनी त्या वृद्धांपाशी बसून माशांची नावे, गळाची मापे, आमिषे व पाण्याच्या वेळा लिहून घ्याव्यात. एका पाटीवर खरे गळ लावून खाली माशाचे नाव लिहिले, आणि ती पाटी प्रत्येक गावच्या समाजमंदिरात टांगली, तर शंभर व्याख्यानांचे काम ती एक पाटी करील. खर्च अगदी थोडा आणि लाभ पिढ्यान्‌पिढ्यांचा. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा दोन-चार वाड्यांची टिपणे छापलेली पाहावयास मिळाली, तर आमच्या या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.